मिटलेला डावा आरसा

संपादक म्हणाले, "मिस्त्री, जन्मभर गाड्यांचं वायरिंग केलंत, त्यातल्या गमतीजमती लिहा." गमती भरपूर आहेत. पण लिहायला बसलो तर आधी रागच वर आला, आणि तो बाजूला सारून गमती लिहिणं मला जमेना. तेव्हा हा लेख बराचसा रागाचा आहे. चिवडा-चकली खात वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गाव राणीसावरगाव, पण परभणीत एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि इथलाच होऊन गेलो. सेल्फ, डायनामो, हॉर्न, वायपर, दाराच्या काचा वरखाली करणाऱ्या मोटारी, सगळं केलं. पुढं गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा रस्त्यावरचं दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि घरी अंगणात पत्र्याखाली बसायला लागलो. बसून होईल असं काम पाहिजे होतं. ते मिळालं गाडीच्या आरशांचं.

नव्या गाड्यांच्या दोन्ही दारांना बाहेरून जे आरसे असतात, ते आता बटणावर मिटतात. कुलूप लावलं की गाडी दोन्ही कान मागं पाडते, उघडलं की पुन्हा उभे करते. लोकांना ही मोठी शानची गोष्ट वाटते. लग्नात पाहुण्यांना दाखवायला माणसं उगीच चार वेळा मिटून उघडून दाखवतात. आत काय असतं? एक छोटी मोटार, खेळण्यातल्या गाडीत असते तेवढी. तिच्यापुढं दात असलेली दोन-चार चाकं, एकमेकांत अडकलेली, म्हणजे मोटारीची पळापळ कमी होऊन ताकद वाढते. शेवटचं चाक आरशाच्या खुंट्यावर बसतं आणि त्या सगळ्यांवर एक जबर स्प्रिंग. स्प्रिंग कशासाठी, तर म्हैस घासून गेली, पोराचा धक्का लागला, तर आरसा मोडू नये, वाकावा. अक्कल लावून केलेली चीज आहे. बनवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची ती एका वाक्याला. "पूर्ण आरसाच बदलावा लागतो." हे वाक्य माझ्या अंगणात रोज कुणीतरी घेऊन येतं. आतलं शर्टाच्या गुंडीएवढं प्लास्टिकचं चाक तडकलेलं असतं. काच चांगली, मोटार चांगली, स्प्रिंग चांगली, वरचं झाकण कालच धुतल्यासारखं. तरी पूर्ण आरसा. कारण ते चाक सुटं मिळत नाही. कारण ते कुणी सुटं ठेवलंच नाही. दाताला कीड लागली म्हणून कुणी जबडा बदलत नाही, पण गाडीच्या बाबतीत माणूस मान हलवतो आणि बदला म्हणतो. उघडून तर बघा, असं म्हणायची हिंमतच आपण हरवून बसलोय, आणि मला संताप येतो तो याचा.

आता गाडीवाल्यांनाही बोलतो. आरसा मोटारीनं मिटत असताना मधेच हातानं ढकलायची यांना कोण घाई असते? धुलाईवाला पाण्याचा फवारा थेट फटीत मारतो आणि मालक शेजारी उभा राहून मोबाइल बघतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आत जाऊन ग्रीसमध्ये कालवली जाते आणि त्याची खळ होते. त्यात उन्हानं प्लास्टिक कडक झालेलं. मग एक दिवस चाक तडकतं. आणि काही महाभाग असे, की आरसा फुटेल म्हणून तो कायम मिटूनच गाडी चालवतात. पायाला काटा टोचू नये म्हणून चपला हातात घेऊन चालावं, तसं.

एक गिऱ्हाईक मात्र मी विसरणार नाही. चुडाव्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा. अंगणात आले, गाडीच्या दोन्ही आरशांवर पायमोजे चढवलेले. म्हणाले, "मिस्त्री, हे आरसे मिटंनात. तेवढं मिटायचं करून द्या, उघडायचं राहिलं तरी चालंल."

मी म्हणालो, "बाबा, सगळं जग उघडंना म्हणून येतंय. तुमाला मिटायलाच कामून पाहिजे?"

तर त्यांच्या दारात एक चिमणा होता. आरशात स्वतःला बघायचा, दुसरा नर समजायचा आणि चोच मारत बसायचा. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत. "चोचीतून रगत यायलंय त्याच्या," आजोबा म्हणाले. "मोजे घातले तर गाडी काढताना काढायचे इसरतो, रस्त्यावर मागचं काय दिसंना. सेंटरवाले म्हनतेत, पूर्ण आरसे बदला. आरं, पाखराला तवर काय सांगू?"

त्यांचं काम मी त्याच दिवशी करून दिलं. चाक तडकलेलं नव्हतं, ग्रीस वाळून दगड झालं होतं, एवढंच. आजोबांनी गाडीला कुलूप लावलं, आरसे मिटले आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की जणू पोराचं ऑपरेशन नीट झालं. या धंद्यात अशी माणसं भेटतात म्हणून तो करावासा वाटतो.

पण मला सांगायचंय ते वर्षा मॅडमचं.

मॅडम पोखर्णीच्या बाजूला एका शाळेत शिकवतात. राहतात परभणीत. रोज बसची वाट बघून कंटाळल्या तेव्हा गाडी शिकल्या आणि आपल्या पगारातून गाडी घेतली. माझ्या भाच्याच्या दुकानात हॉर्न बघायला येत, तेव्हापासून ओळख. गाडी सांभाळून चालवणारी बाई. वळताना हात दाखवणारी आणि इंडिकेटरही देणारी, अशी माणसं आपल्याकडं हुडकावी लागतात.

त्यांचा डावा आरसा एक दिवस मिटला तो उघडेना. बटण दाबलं की आत टक्क असा आवाज व्हायचा आणि सगळं गप्प. गाडी वॉरंटीतली, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणं ती सर्व्हिस सेंटरला नेली. कुठल्या ते मी लिहीत नाही, सगळीकडं हेच चालतं. तिथं सांगितलं, पूर्ण आरसा बदलावा लागेल, पार्ट मागवू, आला की फोन करू. मॅडमनी विचारलं, "तोपर्यंत हातानं उघडून ठेवू का?" तर अॅडव्हायझर म्हणाला, "हात लावू नका, आणखी तुटेल. मिटलेलाच राहू द्या. डाव्या आरशाचं तसं काही अडत नाही मॅडम, चालतंय."

हे 'चालतंय' मला अजून रात्रंदिवस टोचतं.

पार्ट काही आला नाही. मॅडम फोन करत राहिल्या, ते 'येईल' म्हणत राहिले. शाळा तर चालूच होती. आणि एका सकाळी पोखर्णीजवळ मुख्य रस्त्यावरून डावीकडं शाळेच्या वाटेला वळताना, त्यांच्या डाव्या अंगानं मोटारसायकलवर येणारा बालाजी त्यांना दिसलाच नाही. बालाजी त्याच गावचा, दूध घालणारा तरणा माणूस. गाडीची बाजू लागून तो पडला आणि मोटारसायकल त्याच्या पायावर. पाय नडगीतून मोडला. दुधाच्या कॅन रस्त्यावर उपड्या.

लोक जमले. जमणारच. त्यात कुणीतरी पहिलं वाक्य बोललं ते हे, "बाया गाडी चालवायला लागल्यावर दुसरं काय व्हनार?" मॅडम त्याच गर्दीत बालाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आपल्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं, पण गाडी त्यांनी नाही चालवली, दुसऱ्याला बसवलं. त्या दिवसापासून त्यांनी किल्लीला हात लावला नाही. पुढं कागदोपत्री जे व्हायचं ते झालं, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसलं, की त्या गर्दीतल्या एकानंही गाडीचा मिटलेला आरसा बघितला नाही. बघितला असेल तर विचारलं नाही, हा मिटलेला का म्हणून. बाई दिसली, तेवढ्यात सगळ्यांना सगळं कळलं.

मला हे सगळं कळलं ते त्यांच्या यजमानांकडून. सुरेशराव एका पतसंस्थेत कामाला आहेत. त्यांचा फोन आला, "मिस्त्री, गाडी विकून टाकायची हाय. गिऱ्हाईक येतेत आन् तो आरसा बघून परत जातेत. घरी येऊन तेवढा बसवून द्या. बाई गाडी काढंनात आन् मला चालवता येत न्हाई."

पिशवी भरली. माझ्या पिशवीत फारसं काही नसतं. पाने, पेचकस, प्लास्टिकचे दोन चपटे उचकटणे, ग्रीसची डबी, आणि भंगारातून आणलेल्या जुन्या आरशांमधली चाकं. ही चाकं मी वर्षानुवर्षं जमवतोय. आमच्या घरातल्यांना, म्हणजे सुलोचनाला, तो कचरा वाटतो. निघताना ती म्हणाली, "तिथं जाऊन कुनावर चिडू नका. त्या बाईला आधीच लय झालंय."

घरी गेलो. मॅडम दाराशी आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या. गाडीपर्यंत आल्या नाहीत. शिकवणारी माणसं सहसा मोठ्यानं बोलतात, या एवढ्या हळू बोलत होत्या, की मला पुढं वाकावं लागलं.

"मिस्त्री, दुरुस्त होईल का हो?"

"उघडल्याबिगर कसं सांगू? पन बहुतेक होईल."

"सेंटरवाले म्हणाले, होत नाही. पूर्णच बदलायचा असतो."

"ते उघडत न्हाईत मॅडम. न उघडता त्यांना कसं कळंल?"

मी कामाला लागलो. घरी करू बघणाऱ्यांसाठी कसं करायचं ते सांगतो, यात लपवण्यासारखं काही नाही. दाराच्या आतल्या बाजूला आरशाच्या मागं तिकोनी झाकण असतं, ते उचकटून काढायचं. आत वायरीचा जोड, तो दाबून सोडवायचा. मग बोल्ट काढायचे, पण आरसा दुसऱ्या हातानं धरून, नाहीतर तो दारावर आपटतो आणि रंग जातो. आरसा सुटला की टेबलावर जाड टॉवेल घालून त्यावर ठेवायचा. काच काढायला घाई नको. केस वाळवायचं यंत्र घरात असेल तर त्यानं कडा जरा गरम करायच्या, प्लास्टिक नरम पडतं, मग खालून अलगद उचलायचं. थंड काच उचकटली की तडकते, आणि मग खरोखरच नवी आणावी लागते.

सुरेशरावांनी केस वाळवायचं यंत्र आणायला हाक मारली. मॅडम ते घेऊन आल्या आणि आतच जाणार होत्या, पण थांबल्या. म्हणाल्या, "मी धरू का?"

"धरा. एका जागी ठेवू नका, फिरवत राहा."

त्या वऱ्हांड्यात टेबलाशी उभ्या राहिल्या आणि काच निघाली. मग झाकण, मग आतलं घर. सगळ्यात वाईट काम स्प्रिंगचं. दाबून धरायची, खालची कडी फिरवायची आणि हळूहळू सैल सोडायची. सुटली तर डोळा जाईल. माझ्या अंगणातल्या पत्र्याला एका स्प्रिंगचा पोचा अजून आहे. म्हणून मी वर टॉवेल टाकतो, चष्मा घालतो आणि कुणाशी बोलत नाही. स्प्रिंग निघाली, मोटारीचं घर उघडलं, आणि दिसलं ते नेहमीचंच. काळं, वाळलेलं ग्रीस, आणि त्यात एक चाक मधोमध तडकलेलं. त्याचा एक तुकडा तुटून शेजारच्या चाकाच्या दातात अडकून बसला होता. म्हणून आरसा मिटलेल्या जागीच जाम.

तो तुकडा मी चिमट्यानं काढला आणि टॉवेलवर ठेवला. मॅडम बघत राहिल्या. मग त्यांनी तो बोटाच्या टोकावर उचलून घेतला.

"हे?"

"हाव."

"एवढ्याशा गोष्टीनं त्या पोराचा पाय मोडला?"

सुलोचनानं बजावलं होतं चिडू नका म्हणून. मी चिडलो. "याच्यानं न्हाई मोडला मॅडम. हे तुटायचंच, प्लास्टिक हाय. ज्यानं तुमाला 'चालतंय' म्हनून रस्त्यावर सोडलं, त्याच्यानं मोडला. तुमी गाडी दाखवायला नेली, इचारलं, फोन केले. आजून बाईमाणसानं काय करायचं?"

त्या रडल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या, असं सुरेशराव नंतर म्हणाले. मी मोटारीचं घर रॉकेलनं धुवायला घेतलं. थोड्या वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पण वळताना मान वळवून मी बघायला पाहिजे होतं."

"बघायला पायजे होतं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? "मान वळवून तुमीबी बघायला पायजे होतं, आन् आरसाबी पायजे होता. दोन्ही."

माझ्या डबीतलं एक चाक बसलं. नवं ग्रीस भरलं, बेतानं, कारण जास्त भरलं तर तेच धूळ धरतं. स्प्रिंग बसवली, सगळं पहिल्यासारखं जोडलं, आरसा दाराला लावला. बटण सुरेशरावांनी दाबलं. आरसा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मॅडम लांबून बघत होत्या. "झालं," सुरेशराव म्हणाले. "आता गिऱ्हाईक आनतो."

"थांबा जरा," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

त्यातलं तुटलेलं चाक मी मागून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ते काडेपेटीत घातलं आणि सेंटरवर गेलो. सुलोचनानं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही.

तिथं काचेची खोली, थंडगार. अॅडव्हायझर चांगला पोरगा निघाला, माझ्या मुलाच्या वयाचा. पाणी विचारलं, खुर्ची दिली. मी काडेपेटी त्याच्यापुढं उघडली आणि झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्याला अपघाताचं माहीतच नव्हतं.

"काका, आम्हाला आरसा उघडायची परवानगीच नाही," तो म्हणाला. "उघडला तर वॉरंटी जाते, आणि चौकशी आमची होते."

"उघडू नका. पन चालवा म्हनून कामून सांगितलं?"

"गाडी ठेवून घ्यायला जागा नाही. पार्ट यायला वेळ लागतो. गिऱ्हाईक चिडतं. वरून सांगतात, गाडी चालत असेल तर देऊन टाका."

"म्हंजे चालतंय."

त्यानं काडेपेटी मिटवून माझ्याकडं सरकवली. मी एवढ्या तयारीनं भांडायला गेलो होतो आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. तो 'वर'कडं बोट दाखवत होता, आणि वर गेलो असतो तर त्यांनी आणखी वर दाखवलं असतं. राग धरायला माणूस मिळाला नाही की तो अंगातच फिरत राहतो.

निघताना मागच्या बाजूनं गेलो. तिथं काढलेल्या आरशांचा ढीग होता. चकचकीत, पांढरे, लाल, काळे. मला एकेकाचा आतला बिघाड बाहेरूनच दिसत होता. याचं चाक, याची वायर, याचं फक्त ग्रीस. एक कामगार हातोडी घेऊन एकेक आरसा फरशीवर ठेवत होता आणि फोडत होता. मी त्याला विचारलं, "हे चांगले हायत की. फोडायलास कामून?"

"फोडूनच टाकायचे आसतेत काका," तो म्हणाला. "कुनी परत वापरू नये म्हनून."

"मला दे त्यातले चार."

"न्हाई देता येत. फोडल्यावर घेऊन जा, मग कुनी इचारत न्हाई."

त्यानं हे चेष्टेनं नाही म्हटलं. त्याला खरंच मदत करायची होती. पुन्हा हातोडी वाजली. जन्मभर मी मोडलेल्या वस्तू नीट करत आलो. नीट होऊ शकणाऱ्या वस्तू मुद्दाम मोडायला माणूस पगारावर ठेवतात, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. उस्ताद असते तर त्यांनी ती हातोडी हिसकावून घेतली असती. मी तिथून चालता झालो. माझं धाडस तेवढंच.

त्यानंतर मॅडम बसनं शाळेत जात होत्या आणि येताना रोज बालाजीच्या घरी थांबत होत्या. त्याच्या घरचं दूध आता त्याचा भाऊ घालत होता. एकदा त्यांनी मला सोबत नेलं. म्हणाल्या, "तुम्ही त्याला सांगा आरशाचं. मी सांगितलं तर ते मी माझी बाजू घेतल्यासारखं होईल."

बालाजी ओसरीवर पाय लांब करून बसला होता. प्लास्टरवर कुणा पोरांनी फुलं काढली होती. मी त्याला सगळं सांगितलं, चाक, ग्रीस, सेंटर, हातोडी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि अंगणातल्या मोटारसायकलकडं हात केला.

"मिस्त्री, तिकडं बगा."

बघितलं. मोटारसायकलला आरसेच नव्हते. दोन्ही बाजूंना नुसत्या भोकांत माती बसलेली.

"कॅन बांधताना हाताला लागायचे, म्हनून काढून फेकले," तो म्हणाला. "आन् मी बी डाव्या बाजूनं घुसलो व्हतो. मॅडमनी इंडिकेटर दिला व्हता, मला दिसला व्हता. वाटलं, निघून जाईन."

मॅडमनी मान वर केली. "हे तू आधी का नाही बोललास?"

"गावातले लोक तुमाला बोलायले व्हते," बालाजी म्हणाला. "मला कुनी काय इचारलंच न्हाई."

मला त्याच्यावरही रागवावं की नाही ते कळेना. पाय मोडलेल्या माणसाला काय बोलणार? पण रस्त्यावर निघालो की मी मोटारसायकली बघत जातो आणि डोकं फिरतं. अख्ख्या जिल्ह्यात आरसे असलेली मोटारसायकल शोधून दाखवावी. नवी गाडी दारात आली की पहिलं काम आरसे काढायचं. दिसायला बरं दिसत नाही म्हणे. कंपनीवाल्यांना मी शिव्या घालतो, पण आपल्याला मागून येणाऱ्याचं काही पडलेलंच नाही. पुढं जाणारा पुढं गेला की त्याच्यासाठी मागचं जग संपलं.

पुढच्या खेपेला मी आरशांची जोडी नेली आणि बालाजीच्या गाडीला बसवून दिली, कॅन लागणार नाहीत अशा बेतानं जरा उंच. तो हसला, म्हणाला, "लोक हसतेल मला." मी म्हणालो, "हसू दे. मागं वळून बघितल्याबिगर तुला कळंल, कोन हसायलंय ते."

प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा बालाजीला परभणीला आणायचं होतं. सुरेशराव म्हणाले, जीप सांगू. मॅडम म्हणाल्या, "मी आणते." गाडी अजून विकली गेली नव्हती. गिऱ्हाईकं येत होती, मॅडम काही ना काही कारण काढून परत पाठवत होत्या. त्यांनी मला फोन केला, "मिस्त्री, मागं बसाल का? आरसा मधेच मिटला तर?"

मिटणार नव्हता. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मी जाऊन बसलो.

जाताना त्या फार सावकाश गेल्या. बालाजीला पुढं बसवलं, कुबड्या माझ्याकडं मागं. त्याची आई खिडकीशी येऊन मॅडमच्या हातावर हात ठेवून गेली. गाडी गावातून निघून मुख्य रस्त्याच्या तोंडाशी आली. बालाजीची वस्ती मुख्य रस्त्याच्या अलीकडं, शाळेच्या समोरच्या अंगाला, म्हणून परभणीला आम्हाला डावीकडं वळायचं होतं. मॅडमनी इंडिकेटर दिला आणि गाडी थांबवली. रस्ता मोकळा होता. तरी त्या निघेनात. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलेलं. मागं एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न मारायला लागला.

बालाजीनं खिडकीतून वाकून मागं बघितलं. "कोनी न्हाई मॅडम. मी बगायलोय. घ्या तुमी."

"तू बघू नको," मॅडम म्हणाल्या. "मला बघू दे."

त्यांनी डाव्या आरशात बघितलं. मान वळवून बघितलं. पुन्हा आरशात बघितलं. टेम्पोचा हॉर्न चालूच होता. आणि तेवढ्यात टेम्पोच्या मागून, डाव्या कडेच्या मातीतून, एक मोटारसायकल निघाली. पुढं एक लहान पोरगी टाकीवर बसलेली, मागं गवताचा भारा. आरसे अर्थातच नव्हते. माणूस आमच्या आणि काठाच्या मधल्या फटीतून, आमच्याकडं न बघता, सरळ पुढं गेला.

मॅडमचा पाय ब्रेकवरच होता. बालाजीनं खिडकीतलं डोकं पटकन आत घेतलं.

तो माणूस मोठ्या रस्त्याला लागला आणि निघून गेला. टाकीवरची पोरगी आमच्याकडं वळून बघत होती. त्याला काहीच कळलं नाही. कुणीतरी आपल्याला आरशात बघितलं आणि जाऊ दिलं, हे त्याला कधीच कळणार नाही. मॅडमनी पुन्हा एकदा आरशात बघितलं, गिअर टाकला आणि गाडी परभणीच्या बाजूला वळवली.